आधी सुस्कारा, मग उठणं

अंगठी काढून ठेवा. घड्याळही. टेरिकॉटचा शर्ट घातला असेल तर आधी तो बदलून सुती घाला, कारण आपण चाललोय तिथे टेरिकॉट नुसता जळत नाही. तो वितळतो आणि कातडीला चिकटून बसतो. गळ्यात एक पंचा अडकवा. डबा घेतलात? चला मग.

साल १९८८ धरा. एखाद्या वर्षाने इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, भोसरीच्या एमआयडीसीतली सकाळ सारखीच असते. पावणेसात वाजलेत. रस्त्यावर सायकलींची रांग लागली आहे, प्रत्येकीच्या कॅरिअरला डबा, आणि रांगेच्या मधून एखादी बजाज स्कूटर हॉर्न वाजवत वाट काढते आहे. बसच्या फूटबोर्डावर इतकी माणसं लोंबकळताहेत की बस एका अंगाला कलली आहे. टपरीवरच्या स्टोव्हचा फरफराट, उकळत्या चहातलं आलं, कुठल्याशा शेडमधून येणारा पेंटचा वास, कुठून जळक्या रबराचा. आणि पायांखाली, चपलेच्या तळातून, एक धक्का. पुन्हा एक. तो शेजारच्या कारखान्यातला हॅमर. तुम्हाला दचकायला होतं. टपरीवाल्याच्या ग्लासांतला चहा दर ठोक्याला थरथरतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आपल्याला हॅमरकडे जायचं नाहीये. आपण पुढच्या गेटने आत. कारखान्याचं नाव विचारू नका. खिडकीतल्या घड्याळात कार्ड घाला, ‘टंग’ वाजलं की तुमचा दिवस सुरू. एक सांगायचं राहिलं. या गेटवर तुमचं ‘तुम्ही’ काढून घेतलं जातं. आतून हाक येते ती अशी: ‘‘ए नवीन! तिकडं कुठं उभा राहतोस? हिकडं ये.’’

फोर्ज शॉप म्हणजे उंच पत्र्याची शेड. छपराला मध्येमध्ये काचेसारखे पत्रे घातलेत, पण त्यांवर इतकी काजळी बसली आहे की ऊन आत येतं ते चहाच्या रंगाचं. जमीन मातीची आणि लोखंडी प्लेटांची. सगळीकडे फर्नेस ऑइलचा जड, गोडसर, घशात बसणारा वास. त्यात गरम लोखंडाचा एक वेगळा वास मिसळलाय. रक्ताचा वास कसा असतो, तसाच काहीसा. मग तेलाचा. मग बिडीचा. दहा मिनिटांनी यांपैकी एकही येईनासा होतो. नाक हार मानतं.

तुम्हाला एक लांब दांड्याचं खोरं मिळालंय आणि ओल्या गोणपाटांची बादली. काम सोपं आहे: तापलेल्या मालावरून जे खवले पडतील ते ओढून बाजूला काढायचे आणि कुणी ओरडलं की मागे व्हायचं.

‘‘दार!’’ कुणीतरी ओरडतं.

भट्टीचं दार साखळीवर वर जातं, आणि तुमच्या चेहऱ्याची कातडी एकदम एका मापाने लहान होते. आधी डोळे मिटतात, मग तुम्ही तोंड फिरवता, मग कळतं की शर्टाचं पुढचं बटण छातीला चटका देतंय. बारा पावलांवर उभे आहात तुम्ही. आत १२५० अंश आहेत. मिस्त्री मात्र दारासमोर वाकून, निळ्या काचेचा तुकडा डोळ्यांसमोर धरून निवांत बघतोय, जसं कुणी कुकरची शिट्टी झाली का ते बघावं.

‘‘बघ,’’ म्हणतो आणि काच तुमच्या हातात देतो. ‘‘काय दिसतंय?’’

काहीच दिसत नाही. नुसता पिवळट उजेड. त्यात दीड टनाचा गोळा आहे असं म्हणतात.

‘‘काय न्हाई दिसत ना? मग झाला तो.’’

चेष्टा नाही ही. भट्टी, तिची भिंत आणि आतला माल हे सगळं एकाच तापमानाला आलं की एकाच रंगाने उजळतं, आणि कडा नाहीशा होतात. काळसर कड दिसली तर समजायचं पोटात अजून गारवा आहे. रात्रभर भिजत घातलाय तो आत. इथे खरंच ‘भिजत घातला’ असंच म्हणतात, साबुदाण्यासारखं.

रुळांवरून मॅनिप्युलेटर पुढे येतो. सगळे त्याला हत्ती म्हणतात. तो सोंड आत घालतो, गोळ्याचं टोक धरतो आणि ओढून बाहेर काढतो. बाहेर आल्यावर पहिल्यांदाच त्याला आकार येतो. शेडमधल्या सगळ्या सावल्या त्याच्याबरोबर फिरतात. तुमचीही, मागच्या पत्र्यावर, तीन माणसांएवढी.

आता प्रेसकडे बघा. चार जाडजूड खांब, वर एक सिलिंडर, खाली ऐरण. १००० टनांचा हायड्रॉलिक प्रेस. कुठल्या तरी परदेशी कारखान्यात निम्मं आयुष्य काढून, जहाजातून इथे आलेला. हॅमर ठोकतो, हा दाबतो. आवाजातही तेच. शेजारचा हॅमर भांडतो, तर हा गुरगुरतो. त्या सिलिंडरमधला दट्ट्या ६३ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकातल्या परातीएवढा. त्या परातीवर तेल ३१५ बारने दाबतं. स्कूटरच्या चाकात हवा असते दोन बारच्या आसपास, यावरून काय तो अंदाज करा. सूत्र पास्कलचं. त्याचा प्रेस करून पेटंट घेतलं ते जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने, १७९५ साली. हा गृहस्थ कुलुपं आणि संडाससुद्धा बनवायचा.

आणि प्रेसच्या डाव्या हाताला, जाळीच्या मागे, लोखंडी स्टुलावर मामा.

मामांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. साताऱ्याकडचे. डोक्याला पांढरी टोपी, जी पांढरी होती असं ऐकून आहे. समोर एक लिव्हर, त्याची पितळी मूठ घासून घासून आरशासारखी झालेली. लिव्हर पुढे केला की प्रेस खाली येतो, मागे ओढला की वर जातो, मध्ये धरला की जिथल्या तिथे. तीनच गोष्टी. समोर प्रेशर गेजही आहे, पण त्याची काच तेलाने इतकी काळी झाली आहे की काटा असेलच याची खात्री देता येत नाही. मामा तिकडे बघतही नाहीत. त्यांची नजर मिस्त्रीच्या उजव्या हातावर.

कारण इथे बोलून काही कळत नाही. पंपांची कर्कश शिट्टी, भट्टीच्या बर्नरचा घोंघाट, क्रेनची घंटा, यांत माणसाचा आवाज विरघळतो. मिस्त्री तळवा खाली करतो: ये. बोटं हलवतो: हळू. मूठ मिटतो: बास. मनगट फिरवतो, ते हत्तीसाठी: उलट.

पहिला दाब हलका. गोळ्याच्या अंगावरची साल तडतडत फुटते आणि खवले उडतात, लाल, मग काळे. ‘‘खोरं मार!’’ ते तुमच्यासाठी. तुम्ही पुढे होता, खवले ओढता, एक बुटात जातो. नाचू नका. सगळे नवे नाचतात आणि सगळे जुने हसतात.

मग खरं काम. दाब, उठ, पुढे सरक, दाब, उठ. पलट. दाब. गोल गोळ्याचा चौकोन होतो, चौकोनाच्या कडा दाबून अष्टकोन, आणि अष्टकोनाचा पुन्हा गोल. शाफ्ट करायचाय ना, मग चौकोन कशाला, असं तुमच्या मनात येईल. सरळ गोलावर सपाट टूलने दाबत गेलात तर पोटात चीर पडते. भाकरी थापताना मधूनच कडा सारख्या करतात, तसंच. लोखंड हलतं ते कणकेसारखंच. बाजूला फुगतं, लांबीला सरकतं, आणि दर दाबाला थोडं कमी ऐकतं. रंग उतरत चालला आहे. पिवळा गेला, नारिंगी आला. लाल व्हायला लागला की थांबायचं, ८५० अंशांच्या खाली हट्ट केला तर तडा जातो. मग गोळा परत भट्टीत, आणि तुम्ही लिंबूपाण्याच्या पिंपाकडे.

पण मला तुम्हाला दाखवायचा होता तो मामांचा हात. पुन्हा बघा. मिस्त्रीची मूठ मिटायच्या किंचित आधी मामांचा लिव्हर मधल्या जागेवर आलेला असतो. कसं? प्रेस सेकंदाला तीन सेंटिमीटरने उतरतोय. थांब म्हटल्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातो, तेवढ्यात तीन मिलिमीटर माल जास्त दाबला गेला. म्हणून आधीच थांबायचं. किती आधी, ते पुन्हा मालाच्या रंगावर. पिवळा असेल तर प्रेस लोण्यात गेल्यासारखा पुढे जातो, लाल असेल तर माल सामना करतो, खांबसुद्धा ताणले जातात, आणि दाब सुटला की ते आखडतात. हे सगळं हिशेबात धरून मामा बिडी विझवतात.

मिस्त्री मोठा कॅलिपर लावतो. ड्रॉइंगवर ३०० आहे, त्याला हवेत ३०४. निवल्यावर लोखंड आकसतं. शंभराला सव्वा असा इथला हिशेब. कॅलिपरच्या पायांतून माल अडखळत जातो. मिस्त्री बोट आणि अंगठा जवळ आणून दाखवतो: एवढंसं. मामा एवढंसं दाबतात.

जेवणाची सुट्टी झाली. तुमचा डबा भट्टीच्या बाजूच्या विटांवर होता, म्हणून पिठलं अजून वाफाळतंय आणि पोळी पापड झाली आहे. एकाने कालच्या निवत पडलेल्या शाफ्टवर वांगं ठेवलं होतं. त्याची साल आता सुटली आहे. कांदा, मिरची, मीठ, झालं भरीत. चार डब्यांतून चार घरांची तिखटं फिरतात. मग गूळ, कंपनीकडून, धुळीवर उतारा म्हणून. तुम्हाला भूक नाही असं वाटत होतं. आता तुम्ही दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी मोडताय.

आणि इथेच पहिल्यांदा ते कपाट तुमच्या नजरेला पडतं.

जुन्या कंट्रोल पॅनेलच्या शेजारी नवं, राखाडी, कोऱ्या रंगाचा वास येणारं. जुनं पॅनेल म्हणजे रिलेंची चाळ: दर हालचालीला आत कटकट, खटखट, काळे पडलेले कॉन्टॅक्ट, आणि वायरमनच्या सांगण्यानुसार एक पाल, जिच्या आधीच्या पिढीतल्या दोघींनी पंपाचा कॉन्टॅक्टर अडकवून प्राण दिले. नव्या कपाटात पाल शिरायला जागा नाही. उलट त्याला स्वतःचा एसी आहे. अख्ख्या शॉपमधला पहिला एसी. वर्क्स मॅनेजरच्या केबिनला पंखा आणि या कपाटाला थंड हवा! हा अपमान दुपारच्या चहाला रोज नव्याने चघळला जातो, आणि कुणी बघत नसलं की रोज कुणी ना कुणी त्या कपाटाला पाठ टेकून उभं असतं. तुम्हीही टेकून घ्या.

आत पीएलसी आहे. अमेरिकेत मोटारींचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कारखान्याला दर नव्या मॉडेलला रिलेंची वायरिंग उपसून नव्याने करायचा कंटाळा आला, त्यातून १९६८-६९च्या सुमारास जन्माला आलेली ही चीज. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी केलेली. वायर बदलायची नाही, प्रोग्राम बदलायचा. भोसरीत ती वीसेक वर्षांनी पोचली आहे आणि तिच्याबरोबर पोचलाय एक साहेब. साहेब म्हणजे पंचवीस-सव्वीसचा पोरगा. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा, चष्म्यावर कायम वाफ, हातात सूटकेसएवढा प्रोग्रामर, ज्याच्या छोट्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटतात. प्रोग्राम चिपमध्ये भरायचा. चूक झाली तर चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील दिव्याचा उजेड पाडून सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून भरायचं. पुसायला वीसेक मिनिटं. साहेबाच्या आयुष्यात या दिवसांत अशी वीसवीस मिनिटं फार आहेत.

प्रेसच्या खांबाला आता एक मापपट्टी बसली आहे, ती दट्ट्या कुठे आहे ते विजेच्या भाषेत सांगते. सिलिंडरला प्रेशरचा डोळा लावलाय. लिव्हरने हलणाऱ्या व्हॉल्व्हच्या जोडीला प्रपोर्शनल व्हॉल्व्ह, जो दिलेल्या करंटच्या प्रमाणात कमीजास्त उघडतो. जुना लिव्हर अजून काढलेला नाही. एक झडप फिरवली की मामांचा प्रेस, उलटी फिरवली की साहेबाचा. दिवसा माल काढायचा असतो, म्हणून साहेबाची पाळी रात्री. सुट्टीच्या दिवशी का नाही? इथला रविवार गुरुवारी असतो, विजेचा भार वाटून द्यायला ठरवलेली सुट्टी ती. त्या दिवशी एवढे मोठे पंप फिरवायला कोण देतंय.

तर आता रात्र. थांबा तुम्हीही, ओव्हरटाइम लागेल. शेडच्या बाहेर गार वारा आहे आणि आत भट्टीचा उजेड. मामांना मुद्दाम थांबवून घेतलंय. ते भिंतीला टेकून बसलेत, त्यांचं इथे काय काम हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही. ऐरणीवर एक लाल तुकडा. साहेब बटण दाबतो.

प्रेस उतरतो. छान. टेकतो, दाबतो. छान. माप आलं, थांबतो. साहेबाचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा. मग प्रोग्राम सांगतो: वर.

धाड!!

तुम्ही खाली बसलेले आहात आणि केव्हा बसलात ते तुम्हाला आठवत नाही. छपराची काजळी केसांत. मनगटाएवढा पाइप क्लॅम्पमधून सुटून अजून थरथरतोय, आणि एका जोडातून तेलाचा इतका बारीक फवारा उडतोय की तो धुरासारखा दिसतो. ‘‘पंप बंद! पंप बंद!’’ तापलेला तुकडा तिथेच आहे. तेल तिकडे गेलं तर काय होईल हे समजायला डिप्लोमा लागत नाही. वायरमन लाल बटणावर झेप घेतो. शिट्टी उतरत जाते. शांतता. इतकी की दूरवरून लोकलचा भोंगा ऐकू येतो.

साहेब पांढरा पडलाय. प्रोग्राम बरोबर आहे, तो म्हणतो, तीन वेळा म्हणतो. खाली गेला, थांबला, वर. बरोबरच आहे.

मामा उठतात. पाइपाला हात लावून बघतात, बैलाच्या वशिंडाला लावावा तसा.

‘‘साहेब, तुमी त्याला एकदम उठीवला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हातारं मानूस बसल्या जागचं कसं उठतं? आदी सुस्कारा सोडतं. मग गुडघ्यावर हात ठेवतं. मग उठतं. ह्यो बी म्हाताराच हाय.’’

आता त्या सुस्काऱ्याचं गणित, थोडक्यात. तेल दबत नाही असं शाळेत शिकवतात. दबतं. ३१५ बारला शंभर लिटरमागे दोनेक लिटर. म्हणजे सिलिंडरमध्ये काही लिटर तेल स्प्रिंगसारखं कोंडून बसलेलं, वर खांब ताणलेले. व्हॉल्व्ह एकदम उघडला की ते सगळं एका क्षणात पाइपात घुसतं. एसटीचं दार उघडल्यावर काय होतं ते आपण जाणतोच. मामा गेली कित्येक वर्षं दर ठोक्याला लिव्हर आधी चिमूटभर मागे घेत होते, क्षणभर थांबत होते, आणि मग पुरता ओढत होते. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर त्यांनाही ते ठाऊक होतं असं नाही. हाताला ठाऊक होतं.

पाइप आणि जोड आवळून झाले. पुढचा तास बघण्यासारखा आहे, स्टुलाजवळ सरका. झडप फिरवून प्रेस मामांच्या ताब्यात दिलाय. साहेबाने नवा गेज लावलाय, काच पुसलेला, आणि स्वतःचा हात मामांच्या हातावर ठेवलाय, बाराखडी गिरवताना ठेवतात तसा. फक्त इथे गिरवणारा हात वरचा आहे.

‘‘थांबलात का?’’

‘‘व्हय.’’

‘‘आता? का सोडलंत आता?’’

‘‘कळ उतरली.’’

‘‘कुठली कळ?’’

मामा विचार करतात. हा प्रश्न त्यांना लग्नात, कोर्टात, कुठेच कुणी केलेला नाही. ‘‘मुठीत असती बगा. तट लागल्यासारखी. ती गेली की वडायचं.’’

दहा वेळा, वीस वेळा. साहेब गेजकडे बघतो. मामा ‘गेली’ म्हणतात तेव्हा काटा दर वेळी साधारण एकाच आकड्याच्या आसपास असतो. माल गरम असो, गार असो, वेळ कमीजास्त लागते, आकडा तोच. साहेबाने टायमर घालायचं ठरवलं होतं, अर्धा सेकंद थांब म्हणून. आता तो ते खोडतो. वेळ मोजायचीच नाही. प्रेशर त्या आकड्याखाली आलं की मगच व्हॉल्व्ह पुरता उघड. हिरव्या पडद्यावर त्या ओळीला नाव द्यायची सोय असते, इंग्रजी अक्षरांत. साहेब तिथे ‘सुस्कारा’ असं लिहितो.

पहाटे पावणेपाचला प्रेस पहिल्यांदा साहेबाच्या बटणावर न आदळता उठतो. फुस्स, आणि मग वर. वायरमन म्हणतो, चहा सांगा.

सगळं असं एका रात्रीत सुटतं असं मात्र समजू नका. पुढच्या दोन रात्री आकड्यांनी खाल्ल्या. माप दाखवणाऱ्या लाल दिव्यांच्या पाटीवर ३०४ आहे, आणि क्रेन हलली की ३११. क्रेन थांबली, ३०४. वायरमनचा संशय पालीवर. साहेबाचा संशय मापपट्टी बनवणाऱ्यांवर. शेवटी सापडलं ते इतकंसं: मापपट्टीच्या केबलवरची जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली होती, त्यातून क्रेनच्या विजेचा कचरा आत येत होता. एक टोक सोडवलं, आकडा गप्प. आणि ते आधी थांबण्याचं कोडं? मामांची ती नजर प्रोग्रामला देता आली नाही. रंग त्याला दिसत नाही. म्हणून त्याला दुसरं शिकवलं: गेल्या ठोक्याला किती पुढे गेलास ते लक्षात ठेव, आणि या ठोक्याला तेवढं आधी आवर. पहिला ठोका चुकतो, दुसरा कमी, तिसऱ्यापासून बसतो. मामांनी हे ऐकून मान डोलावली. ‘‘आमचं बी नवं टूल लावल्यावर आसंच हुतं.’’

मग खंडेनवमी. आज शॉप ओळखूच येत नाही: जमीन धुतलेली, प्रेसच्या चारही खांबांना झेंडूची तोरणं, भट्टीच्या दाराला हळदीकुंकू, आणि फर्नेस ऑइलवर उदबत्तीने कशीबशी मिळवलेली मात. तुम्ही धुतलेला शर्ट घालून आलात, शहाणे आहात. मिस्त्री नारळ घेऊन नव्या कपाटाकडे निघतो आणि साहेब दोन्ही हात पसरून आडवा येतो. आत पाणी गेलं तर! कुंकू पंख्याने ओढलं तर! बरीच बोलाचाली होते. देवाचं काम आणि तुम्ही अडवता? शेवटी तोडगा मामाच काढतात: नारळ प्रेसच्या पायाशी, कपाटाला लांबून ओवाळायचं आणि दारावर बाहेरून, बोटाने, एकच टिकली. खोबऱ्याचा तुकडा तुमच्याही हातावर येतो, त्याला किंचित तेलाची चव आहे.

दसऱ्यानंतरची पहिली पाळी. जागा घ्या, खोरं घ्या. मामांच्या स्टुलाच्या जागी आता खुर्ची, समोर छोटं टेबल, त्यावर बोटाने फिरवायची तीन चाकं. मामा चष्मा चढवून एकेक आकडा लावतात: तीन. शून्य. चार. लिव्हर निघालाय, तिथे जमिनीत चार बोल्टांची भोकं, त्यात आधीच खवले साठलेत.

‘‘दार!’’

गोळा येतो. तोच चटका, तीच सावली. मिस्त्री सवयीने तळवा खाली करतो, पण प्रेस त्याच्या आधीच निघालाय. दाब, फुस्स, उठ. दाब, फुस्स, उठ. हत्तीवाला गडबडतो, त्याला आता प्रेसच्या चालीने चालायचंय. आधी प्रेस त्याच्यासाठी थांबायचा. खवले जास्त वेगाने पडतात, म्हणजे तुमची कंबर गेली. पाटीवर ३०४. मिस्त्री पाटीला पाठ करून कॅलिपर लावतो. माल अडखळत नाही, ढिलाही जात नाही. तो पुन्हा लावतो. मग कॅलिपरच तपासून बघतो.

मामा हात मांडीवर ठेवून बसलेत, आणि ते हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नाहीये. आपण फोटोला बसतो तसे. उजवा अधूनमधून हलतो, चिमूटभर मागे, मग पुरता, आणि प्रेस त्याच वेळी सुस्कारा टाकून उठतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मामाच चालवताहेत.

दुपारी तिसऱ्या गोळ्याला गडबड. भट्टीतून निघताना तुम्हाला त्याच्या एका अंगाला काळसर सावली दिसली. हो, तुम्हालाच, शिकताय तुम्ही. ओरडायला तोंड उघडेपर्यंत मामा खुर्चीतून अर्धे उठून टेबलावरची चावी फिरवून मोकळे. प्रेस थांबतो. अजून लाल दिवा लागलेला नाही, लागला असता. प्रेशर ३१५ला भिडलं असतं, माप आलं नसतं, आणि मग प्रोग्रामने हात वर केले असते. मामांनी तेवढी वाट बघितली नाही. गोळा परत भट्टीत.

त्या चावीच्या दोन बाजू आहेत. कंपनीच्या पत्र्यावर इंग्रजीत कोरलंय, एकीकडे ‘ऑटो’, दुसरीकडे ‘मॅन्युअल’. दुसऱ्या शब्दावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलंय: मामा. साहेब रोज येता-जाता ते बघतो. अजून पुसलेलं नाही.

भोंगा झाला. लाकडाचा भुसा आणि कपड्याचा साबण एकत्र करून हात चोळा, तरी नखांतलं जाणार नाही. बुटातला खवला काढा. पंचा पिळा. शर्टाच्या पाठीवर घाम वाळून मिठाची पांढरी नक्षी उमटली आहे, ती घरी गेल्यावर दिसेल. सायकलस्टँडपाशी मामा डबा कॅरिअरला अडकवताहेत.

‘‘नवीन,’’ ते म्हणतात, ‘‘उद्या सुती पँट बी घालून ये.’’

उद्या पहिली पाळी. कार्ड डावीकडच्या खणात ठेवायला विसरू नका.